कल्हई की मोड?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात तासभर उभं राहिलं, तर एक प्रसंग हमखास बघायला मिळतो. गिऱ्हाईक पिशवीतून लॅपटॉप काढतं आणि सांगतं, "टचपॅड बिघडलंय. क्लिकच होत नाही." काउंटरमागचा माणूस टचपॅडला हातही लावत नाही. तो लॅपटॉप मिटतो, काचेवर सपाट ठेवतो आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवतो. एक पाय आखूड झालेल्या चौरंगासारखा लॅपटॉप डुगडुगतो. मग आठ-दहा स्क्रू निघतात, तळाचं झाकण उचललं जातं आणि आतली एरवी वडीसारखी चपटी असणारी बॅटरी दिसते, पुरीसारखी टम्म फुगलेली. टचपॅड ठणठणीत असतं. बॅटरीच त्याला खालून ढकलत असते.

"म्हणजे आता याच्यावर खर्च करू, की नवीनच घेऊ?"

हा प्रश्न तोंडातून निघायचा अवकाश, उत्तरं द्यायला चहूकडून माणसं धावतात. सरकारचं उत्तर तर छापून तयारच आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं लिहिलंय. सर्व्हरला सहा मिळाली आहेत. आयकराचा हिशेब वेगळा. धंद्या-व्यवसायासाठी घेतलेल्या संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे ५०,००० रुपयांचा लॅपटॉप पहिल्या वर्षाअखेर वहीत ३०,००० चा उरतो, मग १८,००० चा, मग १०,८०० चा, मग ६,४८० चा आणि पाचव्या वर्षी ३,८८८ रुपयांचा. या गणितात शून्य कधी येतच नाही. एका कायद्याच्या लेखी लॅपटॉप तिसऱ्या वाढदिवसाला संपतो, दुसऱ्याच्या लेखी तो मरत नाही, नुसता रोडावत जातो. शोरूममधल्या विक्रेत्याचं उत्तर सेलच्या तारखेवर अवलंबून असतं. आणि आयटीतल्या भाच्यानं "मामा, विकून टाक, याच्यात आता काही राम नाही" असं फोनवर सांगितलेलं असतं, लॅपटॉप न बघताच.

एवढी उत्तरं निघतात, कारण प्रश्न एक दिसत असला तरी आत दोन आहेत. मराठीत त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र क्रियापदंही आहेत: झिजणं आणि बाद होणं. चप्पल झिजते, नोट बाद होते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाकिटातली पाचशेची नोट कोरी करकरीत असली तरी बाद झाली. तिच्या कागदाला काहीही झालेलं नव्हतं, तिच्याभोवतालचा नियम बदलला होता. उलट अंगठ्यापाशी भोक पडलेली चप्पल कुणी बाद ठरवत नाही, चांभाराकडे टाके घालून ती आणखी एक पावसाळा काढते. लॅपटॉपची पंचाईत अशी की तो एकाच वेळी चप्पलही असतो आणि नोटही. आणि माणसं सहसा झिजलेल्याला बाद समजून फेकतात, बाद झालेल्याला मात्र वर्षानुवर्षं टाके घालत बसतात.

आधी झिजण्याचं बघू. लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी झिजते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीनं बाजारात आणली. तिच्या धन ध्रुवाचा पाया घालणारे जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या वयात हा मान मिळालेला दुसरा माणूस नाही. त्यांच्या बॅटरीला मात्र तीन-चार वर्षांतच पिकली पानं येतात. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून-रिकामी झाली की तिची साठवण मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. काही महागड्या लॅपटॉपांत हा आकडा १,००० पर्यंत जातो. याखेरीज उष्णता तिला खाते, आणि कायम १०० टक्के भरलेलं राहणंही सोसत नाही. चार्जर दिवसरात्र खोचून ठेवलेला, लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर, बाहेर मे महिना: ही बॅटरीच्या म्हातारपणाची अगदी घरगुती पाककृती आहे. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू साठतो आणि बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी ही गैरसोय नव्हे, तो आगीचा धोका आहे. ती दाबून परत चपटी करायला जाऊ नये, वापरतही राहू नये.

बॅटरी किती उरलीय हे अंदाजानं सांगायची गरजही नसते. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी'ची बॅटरी-रिपोर्टची आज्ञा दिली की एक पान तयार होतं. त्यात दोन आकडे एकाखाली एक असतात, कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आजची पूर्ण भरलेली क्षमता. वर ४१,००० आणि खाली १७,००० दिसले, तर "हल्ली चार्जिंग टिकत नाही" या तक्रारीचं भाषांतर आकड्यांत झालं. हे पान पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि ते न पाहताच पन्नास हजारांचे निर्णय घेतले जातात.

दुसरी झीज लॅपटॉपच्या नाकाशी होते. पंख्याच्या पात्यांमागे तांब्याच्या बारीक पापुद्र्यांची जाळी असते; तीन-चार वर्षांत तिच्यावर धुळीचा, लोकरीचा, मांजर असेल तर मांजराच्या केसांचा असा थर जमतो की चिमटीनं ओढला तर तो जुन्या गादीतल्या कापसासारखा अख्खा निघून येतो. प्रोसेसर आणि त्या तांब्यामध्ये लावलेली पेस्ट तोवर वाळून खपली झालेली असते. उष्णता बाहेर जाईना की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. तशी त्याची रचनाच असते, जळून जाण्यापेक्षा हळू चालणं बरं म्हणून. मालकाला वाटतं, लॅपटॉप थकला. त्याला श्वास लागलेला असतो.

तिसरी झीज म्हणजे फिरती हार्ड डिस्क. स्वस्त लॅपटॉपात ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती काट्याखाली यायला तिला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यानं तेच काम मिलिसेकंदाच्या दशांशात होतं. दोघांमधला फरक शंभरपटीच्या घरातला आहे. संगणक चालू करून चहा टाकायचा, चहा गाळेपर्यंत पडदा यायचा, असा दिनक्रम असलेल्या घरात एसएसडी बसवली की चहा करायला वेळच उरत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत जुन्या लॅपटॉपवर केलेल्या कुठल्याही खर्चानं इतकं समाधान दिलेलं नाही.

यालाच जुनी माणसं कल्हई म्हणायची. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा थर असे. तो गेला की आंबट कळकायचं. म्हणून कुणी पातेलं टाकून देत नसे. गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता मारून निखारे फुलवायचा, तापल्या पातेल्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा, पांढरा धूर निघायचा आणि पातेलं आरशासारखं व्हायचं. झिजला होता थर, भांडं नव्हे. लॅपटॉपच्या बाबतीत बॅटरी, पेस्ट, हार्ड डिस्क, कीबोर्ड हे सगळे थर. पातेलं म्हणजे मदरबोर्ड, पडदा आणि बिजागऱ्या. थरावरचा खर्च सहसा वसूल होतो. मदरबोर्ड गेला, किंवा बिजागरीनं पडद्याची चौकटच उचकटली, की मग पातेल्यालाच चीर गेली समजावं.

मात्र या उपमेचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा आहे. पितळेची पातेली घराघरांतून गेली, ती फुटली म्हणून नव्हे. स्टील आलं आणि हळूहळू कल्हईवाला यायचा बंद झाला. मग ती चांगली जाडजूड भांडी मोडीत निघाली, वजनावर. वस्तूचं आयुष्य पुष्कळदा तिच्या दुरुस्त करणाऱ्याच्या आयुष्याइतकंच असतं. लॅपटॉपांच्या जगात कल्हईवाल्याची वाट मुद्दाम बंद करण्यात आली. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाख दिलेली होती; त्या पातळपणाचं तेव्हा अप्रूप होतं. २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोची बॅटरी तर खोळीला डिंकानं चिकटवलेली निघाली. मग बाकीच्या कंपन्यांचे सडपातळ लॅपटॉपही त्याच वाटेनं गेले. आज दुकानात "आठ जीबी घ्या, पुढे वाढवता येईल" असं कुणी म्हटलं, तर "कुठे वाढवता येईल ते दाखवा" असं विचारणं हा उद्धटपणा नाही. कारण ज्यात रॅमला खाचच नाही, त्याचं म्हातारपण विकत घेतानाच ठरलेलं असतं.

याविरुद्ध थोडी हालचाल झाली आहे. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणं सक्तीचं केलं. भारतात ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. पण खेडोपाडी गुण वाचून लॅपटॉप घेणारं गिऱ्हाईक अजून दिसायचं आहे. शहरात तरी कुठे दिसतं!

शिवाय कल्हईचाही भाव वरखाली होतो. वर्षानुवर्षं रॅम आणि एसएसडी स्वस्त होत जातात हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि भाव भडकले. घरगुती गिऱ्हाइकांमध्ये 'क्रुशियल' नावानं रॅम विकणाऱ्या मायक्रॉन कंपनीनं तो धंदाच आवरत असल्याचं त्या डिसेंबरात जाहीर केलं. तेव्हा "थांबलं की स्वस्त मिळतं" हा संगणकातला जुना नियमही काही दगडावर कोरलेला नव्हता. अर्थात मेमरी महागली की नवा लॅपटॉपही महागतो. म्हणून जुन्याला रॅम घालणं महाग पडलं तरी तोलून बघावं लागतं ते त्या नव्या भावाशीच.

आता बाद होण्याकडे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या ऐन तोंडावर, विंडोज १० चा पाठिंबा संपला. २०१५ साली ती आली तेव्हा ही विंडोजची शेवटचीच आवृत्ती असल्याचं कंपनीच्या एका तंत्रज्ञानं म्हटलं होतं. सहा वर्षांत विंडोज ११ हजर झाली. तिनं दारातच चाचणी लावली: टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून. २०१७ च्या उन्हाळ्यात सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतलेला माणूस आणि त्यानंतर वर्षभरानं आठव्या पिढीचा घेतलेला त्याचा शेजारी, दोघांच्या यंत्रांचा वेग वापरात फारसा वेगळा नव्हता. एकाची नोट चालली, दुसऱ्याची बाद झाली. गंमत म्हणजे खुद्द मायक्रोसॉफ्टचा सरफेस स्टुडिओ २ हा महागडा संगणक सातव्या पिढीचा होता; तेव्हा त्यातल्या प्रोसेसरसाठी यादीत खास खिडकी उघडण्यात आली. नियम निसर्गाचा असता तर खिडकी उघडली नसती.

घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची डागडुजी मिळण्याची सोय ठेवली आहे. ती मुदत म्हणजे जुनी नोट बँकेत भरायच्या रांगेसारखीच. त्यानंतर लॅपटॉप चालूच राहील, फक्त नव्यानं सापडलेली भोकं कुणी बुजवणार नाही. मग एक दिवस ब्राउझरही साथ सोडतो. विंडोज ७ वाल्यांनी हे अनुभवलंय: क्रोमची १०९ वी आवृत्ती त्यांच्यासाठी शेवटची ठरली, २०२३ मध्ये. यंत्र आपल्या जागी आहे तसंच होतं, रस्ता पुढे सरकला.

रस्ता का सरकतो, याचं एक कडवट उत्तर निकलॉस वीर्त यांनी १९९५ मध्येच देऊन ठेवलं. पास्कल भाषेचे हे स्विस जनक. हार्डवेअर जितक्या वेगानं वेगवान होतं, त्याहून वेगानं सॉफ्टवेअर सुस्त होत जातं, असं त्यांनी सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणाऱ्या लेखात लिहिलं; पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम ८,००० बाइटांत मावायचा याची आठवणही करून दिली. आज तेवढ्या जागेत एखादं इमोजीचं चित्रही कोंबून बसवावं लागेल. वीर्त २०२४ च्या पहिल्या दिवशी गेले. त्यांचं म्हणणं खोडून काढणारा पुरावा उभा करायला त्यांनी उद्योगाला जवळपास तीस वर्षं दिली होती.

बाद नोटेलाही एक चोरवाट असते. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपवर बसते आणि धावते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही तिच्यात येतो. पत्रव्यवहार, यूट्यूब, बँकेचं पान, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर नवा लॅपटॉप घेण्याआधी एक रविवार त्यावर घालवायला हरकत नाही. पण ज्याच्या पोटापाण्याचं काम टॅलीवर आहे, त्या हिशेबनिसाला ही वाट बंद, कारण टॅली विंडोजवरच चालतं. म्हणून "लिनक्स टाका" हा सल्ला विचारणाऱ्याचा धंदा न विचारता देऊ नये. तंत्रज्ञ मंडळी नेमकी तेच विसरतात.

धंदा विचारायचाच तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एखाद्या डीटीपीच्या खोलीत डोकवावं. नव्या संगणकाशेजारी, टेबलाखाली किंवा फडताळाच्या कडेला, एक पिवळट पडलेला विंडोज एक्सपीचा डबा अजून दिसू शकतो. त्यात पानं मांडायचं पेजमेकर असतं, श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम असते, आणि मागच्या बाजूला खोचलेला असतो एक इवलासा लॉक. तो डोंगल हरवला की फॉन्ट मुके. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची, आणि तीच अखेरची. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीनं आणि सी-डॅकच्या प्रणालींनी मराठी छपाईची दोन दशकं तोलून धरली. पण ते फॉन्ट युनिकोडपूर्व जगातले. त्यातल्या 'क'ला संगणकाच्या लेखी 'क' म्हणून ओळखच नव्हती. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असे. फॉन्टविना ती फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट आला, तरी छापखाने पुढची कित्येक वर्षं जुन्यातच राहिले, कारण काम त्यातच चालत होतं.

ही मंडळी मागासलेली आहेत, असं बाहेरच्याला वाटतं. खोलीतल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. त्या डब्यात एखाद्या प्रकाशकाच्या दोनशे पुस्तकांची पानं आहेत. अडोबीचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडत असे, पण ते सीएस६ पर्यंत, म्हणजे २०१२ च्या आवृत्तीपर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांनी ते दार लावून घेतलं. एखाद्या लेखकाच्या जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली की तो डबा सुरू होतो, फाइल उघडते, दुरुस्त्या होतात, पीडीएफ निघते. तो इंटरनेटला जोडलेला नसतो, त्यामुळे त्याला विषाणूचं भय नाही आणि नव्या आवृत्त्यांचं सोयरसुतक नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची मूळ पुस्तकं लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन अशाच एका बिनइंटरनेटच्या डॉस संगणकावर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात. २०१४ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांनी तसं सांगितलं तेव्हा लोक हसले होते. जगाशी तोडलेलं यंत्र बाद होत नाही, नुसतं झिजतं.

आणि डीटीपीच्या खोलीतला धोका नेमका तिथेच आहे. त्या डब्याचा पॉवर सप्लाय जाईल, हार्ड डिस्क टकटक करू लागेल, आणि ते दिवाळी अंकांच्या हंगामात होईल. म्हणजे डबा कधी बदलायचा, याचं उत्तर डब्याच्या वयात नाहीच. फाइली युनिकोडमध्ये आणून, प्रूफं तपासून, जोडाक्षरं जागेवर बसली की नाही ते पाहून झालं की तो जाऊ शकतो, त्याआधी नाही. हे काम कंटाळवाणं आणि बिनपैशाचं असतं, म्हणून दर वर्षी पुढच्या जानेवारीवर ढकललं जातं.

'कधी' या शब्दावर सर्वांत सुंदर काम एका बसच्या इंजिनानं करवून घेतलंय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराच्या बससेवेत हॅरल्ड झर्चर देखभाल विभागाचे प्रमुख होते. कुठल्या बसचं इंजिन उतरवायचं आणि कधी, हे ते ठरवत. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञानं १६२ बसगाड्यांच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि १९८७ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच झर्चर यांचं नाव आहे; गॅरेजमधल्या माणसाला अर्थशास्त्रात असा मान क्वचितच मिळतो. झर्चर इंजिन बंद पडायची वाट बघत नसत. मैल वाढले की देखभालीचा खर्च वाढतो, आणि बस मध्येच रस्त्यात बंद पडली तर प्रवाशांचा रागही पदरी येतो. एका बाजूला हे सगळं, दुसऱ्या बाजूला नव्या इंजिनाचा एकरकमी भुर्दंड. झर्चर जणू दर महिन्याला हा तराजू धरत होते, असं गणित मांडलं की त्यांचे निर्णय उलगडतात, हे रस्टनं दाखवलं. त्या गणितात त्यानं एक नम्र जागाही ठेवली होती: झर्चरना दिसणाऱ्या पण नोंदवहीत न उतरणाऱ्या गोष्टींसाठी. इंजिनाचा आवाज, धुराचा रंग, असं काही.

लॅपटॉपवाला हा तराजू धरतच नाही. तो एक तर सेलच्या दिवशी निर्णय घेतो, नाहीतर लॅपटॉप बंद पडल्याच्या दिवशी. पहिल्या दिवशी जुना विनाकारण वाईट दिसतो आणि दुसऱ्या दिवशी हातात पर्याय उरत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. 'रस्त्यात बंद पडण्याची' किंमत मात्र प्रत्येकाची वेगळी. दुपारी मालिका बघायला ठेवलेला लॅपटॉप अगदी शेवटचा श्वास घेईपर्यंत वापरावा, त्यात काही वावगं नाही. प्रबंधाच्या शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्या मुलीनं तसं करणं म्हणजे जुगार. तिच्यासाठी लॅपटॉप सात वर्षांचा आहे की चार, यापेक्षा प्रबंधाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे का, हा प्रश्न मोठा. असेल तर बंद पडलेला लॅपटॉप ही डोकेदुखी, नसेल तर आपत्ती.

राहिला जुन्याचा प्रश्न. एक्स्चेंज ऑफर ही आपल्याकडे नवी नाही. जुन्या साड्या घेऊन स्टीलचा डबा देणारी बोहारीण हा धंदा पिढ्यान् पिढ्या करत आली आहे, आणि तिच्याशी घासाघीस करणाऱ्या बाया शोरूममधल्या साहेबांपेक्षा हुशार होत्या. साडीच्या पदराला गाठ मारलेले पैसे सोडून मगच त्या साडी द्यायच्या. लॅपटॉप देताना पदर सोडणं म्हणजे आतली माहिती नीट पुसणं, आणि ते निम्मे लोक करत नाहीत असं वाटायला जागा आहे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या उभ्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो पहिल्यांदा सुरू होण्याआधीच कारखान्यात झालेला असतो, हे कंपन्यांचेच अहवाल सांगतात. तेव्हा "नवा वीज कमी खातो" ही सबब लॅपटॉपला लागू पडत नाही, फ्रिजला पडेल.

या बाजारात तिसरीही एक वाट आहे, आणि ती कंपनी कायद्यातल्या त्याच तीन वर्षांतून फुटते. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉपांचे ताफे बदलतात. कार्यालयीन मालिकांतली ती दणकट यंत्रं, सहज उघडणारी, रॅमला खाच असलेली, लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत निम्म्याहून कमी भावात पुन्हा विकायला येतात. कुणाच्या तरी वहीत संपलेला लॅपटॉप दुसऱ्याच्या घरी पाच वर्षं काढतो. घेताना प्रोसेसरची पिढी तेवढी बघावी. सातवी असेल तर बाद नोट स्वस्तात मिळतेय, एवढाच त्याचा अर्थ.

काउंटरवरचा लॅपटॉप आठव्या पिढीचा निघाला. दुकानदारानं फुगलेली बॅटरी हलक्या हातानं सोडवली, तिच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि ती कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात, वाळूवर, बाकीच्या फुगलेल्यांशेजारी ठेवली. झाकण नुसतंच टेकवलं, चार्जर लावला. पडदा उजळला. गिऱ्हाइकानं टचपॅडवर दोनदा बोट दाबून पाहिलं: टक्, टक्. चेहरा खुलला.

"आणि हार्ड डिस्कचं काय म्हणता?"

दुकानदारानं समोरच्या रसवंतीचा आवाज थांबायची वाट पाहिली, आणि मग वाकून कान लॅपटॉपपाशी नेला.